बी पिकायच्या आधी उघडलेलं गोमाळ

गाडीनं गौरीबिदनूर सोडलं तेव्हा नुकतं उजाडलं होतं. खिडकीबाहेर एकावर एक ठेवल्यासारखे करडे धोंडे, त्यांच्या पायथ्याशी पिवळट गवत, मध्येच नाचणीचा तुकडा, मध्येच प्लॉट पाडल्याचे पांढरे दगडी खुंट. सोलापूरच्या माणसाला हा मुलूख परका वाटत नाही. पाऊस आमच्याकडच्यासारखाच हात राखून पडतो, माती तेवढी तांबडी. दोड्डबळ्ळापूर येईपर्यंत धोंडे कमी झाले आणि खुंट वाढले. बंगळूर जवळ आलं हे यावरून कळतं, पाटी वाचावी लागत नाही.

हा प्रवास हौसेचा नव्हता, हे आधीच सांगून टाकते. बारा वर्षांपूर्वी मी दोन वर्षं बंगळुरात होते. एका संस्थेच्या चारा प्रकल्पात नोकरी होती. शहराच्या उत्तरेला दोन तासांवर एक गाव आहे, त्या गावच्या गोमाळावर (म्हणजे आपलं गायरान) मेंढ्या कशा चाराव्यात म्हणजे गवत टिकेल, हे आम्ही बघायचो. खरं तर गावातल्या होन्नम्मा नावाच्या मेंढपाळ बाईला ते आधीच ठाऊक होतं. आम्ही ते कागदावर उतरवलं, एवढंच. पंधरा दिवसांपूर्वी तिचा निरोप आला. "अर्धं गोमाळ मेडमच्या कागदानं गेलं. उरलेल्या अर्ध्याची पाहणी दोन आठवड्यांनी, गुरुवारी आहे. तिला म्हणावं, इथं येऊन तोंडानं सांग."

गोमाळावर चराई चालूच आहे असं एक सविस्तर पत्र मी लिहिलं, त्यावर सही केली, आणि मंगळवारी सकाळी बंगळुरात पोचेल असं तिकीट काढलं.

निरोप मला पोचवला तो सरोजाक्कानं. प्रकल्पाच्या कचेरीत ती टंकलेखन आणि फायली सांभाळायची. घर चिकपेटेत, साड्यांच्या घाऊक दुकानावरच्या माडीवर. स्टेशनापासून मेट्रोनं एकच थांबा, पण पुढची शंभर पावलं चालायला तेवढाच वेळ लागला, कारण गल्लीत कापडाच्या गठ्ठ्यांच्या हातगाड्या अडकल्या होत्या. अक्काच्या घराण्याला बंगळुरात येऊन इतक्या पिढ्या झाल्यात की मूळ गाव कोणतं हे आता कुणालाच नक्की सांगता येत नाही. मराठी मात्र घरात शाबूत आहे, थोडी कन्नडमध्ये भिजलेली.

"ये की गं शैला! कूतको (बस) आधी. केवढी वाळलीस!"

"वाळले नाही, अक्का. वय झालं."

"सरी, सरी (बरं, बरं). शेंगाचटणी आणलीस का ते सांग."

आणली होती. ती डब्यात जाईपर्यंत कामाचं बोलणं झालं नाही. मग अक्कानं कपाटातून जुनी फाईल काढली. प्रकल्प संपताना दिलेल्या अहवालाची प्रत. शेवटच्या पानावर एक तक्ता होता. गोमाळाचे दोन भाग, ओढ्याच्या वरचा आणि खालचा. समोर एक रकाना, 'चराई'. त्यात दोनच पर्याय: चालू किंवा बंद. खालच्या भागापुढे 'चालू', वरच्या भागापुढे 'बंद'. दोन्ही माझ्या अक्षरात.

त्या वर्षी वरचा भाग खरोखरच बंद होता. गवताला बी धरू द्यायचं म्हणून गावानंच तो पावसाळाभर राखला होता. दिवाळीनंतर उघडणार होता, उघडलाही. पण तक्ता भरला त्या दिवशी तिथं मेंढरू नव्हतं, म्हणून मी 'बंद' लिहिलं. पुढं कधीतरी कुणीतरी तो कागद काढला. चराई बंद, म्हणजे जमीन कुणाच्या उपयोगाची नाही, असा त्याचा अर्थ लावला गेला आणि वरचा भाग घरांच्या प्लॉटसाठी देऊन टाकला गेला. मला याचा पत्ता नव्हता. मी तेव्हा सांगोल्याकडं दुसऱ्याच कामात होते.

"मी तेव्हाच विचारलं होतं की तुला," अक्का म्हणाली. "बंद कसं गं लिहितेस, उद्या उघडणार की ते. तू म्हणालीस, अक्का, रकान्यात एवढंच मावतं."

"म्हणाले असेन."

"असेन काय! म्हणालीस. मी काय आज गोष्ट रचते होय?"

मी वाद घातला नाही. तिची आठवण माझ्यापेक्षा चांगली आहे.

बुधवारी सकाळी आम्ही दोघी निघालो. अक्कानं यायची गरज नव्हती, पण ती चपला घालून दारात उभी राहिली. "तुझं कन्नड ऐकून मेंढरं पळून जातील. मी येते." शिवाजीनगरच्या बसस्टँडाजवळ आम्ही एक बाय-टू कॉफी घेतली (एकाच कॉफीचे दोन अर्धे पेले, बंगळुरात कुणालाही त्याचा संकोच नसतो), यलहंकेपर्यंत शहराची बस पकडली आणि तिथून गावाकडची. दुसऱ्या बसमध्ये उभं राहावं लागलं. अक्काचं वय सत्तरीला टेकलंय, तरी तिनं एका तरुणाला "अण्णा, स्वल्प सरक" म्हणत तीन माणसांच्या बाकावर चौथी जागा करून घेतली आणि माझी पिशवी मांडीवर ओढली. मी दीड तास दांड्याला धरून.

बस गावाच्या अलीकडं एका कमानीपाशी थांबली. कमान नवी, दगडी, वर इंग्रजी नाव. आतमध्ये डांबरी रस्ते, रांगेनं प्लॉट, तीन-चार घरं उभी, बाकी खुंटच. हाच वरचा भाग. बागेच्या चौकोनात विकतची हिरवळ अंथरली होती आणि एक माळी तिला पाइपनं पाणी पाजत होता. याच जागी पावसाच्या पाण्यावर गवत कमरेला लागायचं. त्याला कुणी कधी तांब्याभर पाणी घातलं नव्हतं. मी कमानीपाशी दोन मिनिटं उभी राहिले. पहारेकऱ्यानं विचारलं, प्लॉट बघायचाय का? अक्का म्हणाली, "बेड (नको), बघितलेला आहे."

होन्नम्माचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, ओढ्याकडं. ती अंगणात सूत कातत बसली होती. केस पूर्ण पांढरे झालेत, बाकी तीच. तिचा नवरा केंपण्णा ओसरीवर घोंगडी पांघरून. मला पाहून त्यानंच पहिलं तोंड उघडलं.

"या मेडम. आज काय करायला आलात, चालू की बंद?"

होन्नम्मानं त्याला गप्प बसवलं नाही. "जेवा आधी," एवढंच म्हणाली.

ताटात रागी मुद्दे (नाचणीच्या पिठाचा उकडलेला गोळा), पालेभाजीचं पातळ सार आणि कच्चा कांदा. मुद्दे चावायची नसते, साराबरोबर गिळायची असते. दोन वर्षं रोज खाल्लेली, पण मी ते विसरले आणि पहिला घास चावला. तो टाळ्याला, दातांना, सगळीकडं चिकटला. बोलता येईना. केंपण्णा खो खो हसला. "बघा, मेडम विसरतात." त्यानंतर जरा मोकळं वाटलं, त्याला आणि मलाही.

जेवून आम्ही ओढ्याच्या खालच्या भागाकडं गेलो. गावाकडं आता एवढंच गोमाळ उरलंय. चहूबाजूंनी काटेरी फांद्यांचं कुंपण, आत गवत. आमच्याकडं ज्याला मारवेल म्हणतात ते बहुतेक, कडेला कुसळी. वाऱ्यानं सगळं एका दिशेला वाकायचं आणि उठायचं. खूप वर्षांत असं राखलेलं गवत मी पाहिलं नव्हतं. आत मेंढीची एक लेंडीसुद्धा नाही. पावसाळ्यापासून गावचे पाचही कळप बाहेर होते, रस्त्याच्या कडेला, तळ्याच्या कोरड्या काठाला, बांधांवर. पोटभर मिळत नव्हतं ते त्यांच्या खपाटीला गेलेल्या कुशींवरून दिसत होतं, पण कुणी आत घुसवली नव्हती.

होन्नम्मानं एक तुरा तळहातात धरून खालून वर ओढला. हात उघडून दाखवला. दोन-चार कुसळं, दाणा नाही.

"पाऊस उशिरा आला. अजून तीन आठवडे," ती म्हणाली. "हात भरला की उघडायचं. तोवर नाही."

तिच्या घराकडं हे काम पिढीजात आहे. तुरा ओढून बघणं आणि नारळ फोडून कुंपण उघडणं. तिच्या आधी तिची सासू बघायची.

मी मनात तारखा मांडल्या. पाहणी उद्या. तीन आठवड्यांनी नाही, उद्या. आणि उद्या इथं गवताशिवाय दुसरं काही नसणार.

उद्या पाहणी करणारा मोजणीदार आम्हा तिघींना गावातच भेटला, चहाच्या टपरीवर. तिशीचा, सभ्य माणूस, मोटरसायकलवर कागदांची पिशवी. मी त्याला माझं पत्र दिलं. त्यानं ते उभ्या उभ्या नीट, पूर्ण वाचलं. असं फार कमी लोक करतात.

"मेडम, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. मीही शेतकऱ्याच्याच घरचा. पत्र मी जोडतो."

"मग झालं तर."

"झालं नाही. जुना कागद तुमचाच, त्यात बंद. नवं पत्र तुमचंच, त्यात चालू. वरचा साहेब विचारेल, कोणत्या बाईचं खरं धरू? म्हणून मी फोटो काढतो. फोटोवर जागा आणि वेळ आपोआप उमटते. उद्या अकरा वाजता गवत दिसलं तर गवत. मेंढरं दिसली तर मेंढरं."

"तीन आठवड्यांनी या ना."

"तारीख मी नाही ठरवत, अम्मा." तो होन्नम्माकडं बघून बोलत होता. "आणि तासाभरासाठी हाकलून आणलेली मेंढरं मला ओळखता येतात. चरलेलं गवत, लेंड्या, सगळं दिसायला हवं. पुढच्या आठवड्यात साहेब स्वतः येणार."

त्यानं चहाचा पेला ठेवला आणि निघून गेला. त्याच्यावर राग धरावा असं त्यानं काहीच केलं नाही. शक्य तेवढं सगळं त्यानं आम्हाला सांगून ठेवलं होतं.

संध्याकाळी ओसरीवर बाकीच्या चार कळपांची माणसंही येऊन बसली. मला वाटलं, तोडगा सोपा आहे. मी म्हणाले, "तुमचा एकच कळप आत सोडा, होन्नम्मा. एका कडेला चरू दे. साहेब येऊन गेला की पुन्हा कुंपण लावा. बाकीचं बी वाचेल."

अक्कानं मला कोपरानं ढोसलं, पण शब्द तोंडातून निघून गेले होते.

"तू दोन वर्षं इथं होतीस ना?" होन्नम्मा म्हणाली. "मी माझी मेंढरं आत घातली, म्हणजे उघडलं. उघडलं की पाचही कळपांचं. यांची मेंढरं चार महिने तळ्याकाठची माती चाटतायत ती माझ्या शब्दावर. उद्या मी माझी तेवढी आत घालून पुन्हा कुंपण लावलं, तर परत माझ्या शब्दावर कोण राखील?"

चौघांपैकी एक म्हणाला, "आम्ही थांबू, अम्मा. तुमचीच घाला."

"तू थांबशील. तुझी बायको थांबेल का?" होन्नम्मा म्हणाली, आणि तो हसला, पण 'थांबेल' म्हणाला नाही.

मग बराच वेळ उन्हाळ्याचं बोलणं झालं. राखलेलं गवत उभं वाळतं आणि थोडं थोडं चारलं तर मार्च ते मे मेंढरं त्याच्यावर तगतात. आत्ता हिरवं खाल्लं तर दहा-बारा दिवसांत संपणार. गवताचे बुडखे मरणार नाहीत, पण मधल्या उघड्या जागा भरायला बी लागतं, ते या वर्षी पडणार नाही. हे सगळं मी अहवालात चार पानं लिहिलं होतं. त्यांनी ते दहा मिनिटांत बोलून संपवलं. दुसरीकडं, नाही उघडलं तर गवत राहील आणि जमीन जाईल. कमानीपलीकडं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

मला त्या वेळी माफी मागायची होती. मी ती मागितलीही. माझ्या मोडक्या कन्नडमध्ये, अक्काच्या मदतीशिवाय. केंपण्णा म्हणाला, "इरली, मेडम (असू दे)." तो टोमणा मारेल असं वाटलं होतं. मारला असता तर बरं झालं असतं.

गुरुवारी आठ वाजता होन्नम्मानं नारळ फोडला. तुरा ओढून बघितला नाही. मी गावात आल्यापासून पहिल्यांदा तिचा हात नुसता लोंबत होता. कुंपणाच्या फांद्या ओढायला मी पुढं झाले. तळहाताला दोन काटे लागले, एक आतच मोडला. फट पडल्याबरोबर मेंढरं घुसली. आधी एकमेकांच्या अंगावर चढत, मग डोकी खाली, आणि एकदम शांतता. फक्त तोडल्याचा, ओढल्याचा आवाज. चार महिन्यांची भूक होती ती. तासाभरात मधोमध वाट पडल्यासारखं झालं. पाठोपाठ बाकीचे चार कळप आले.

अकराला मोजणीदार आला. त्यानं चारी बाजूंनी फोटो काढले. एका फोटोत होन्नम्माला कळपामध्ये उभं केलं. कागदावर त्यानं काय लिहिलं ते मला वाचून दाखवलं: चराई चालू, पाच कळप, वापर पिढीजात. मग तो गवताकडं वळला.

"तीन आठवड्यांनी इथं गोणीभर बी मिळालं असतं ना, अम्मा?" त्यानं विचारलं.

"तुझ्या फोटोत बी दिसतं का?" होन्नम्मा म्हणाली.

त्यानं पेनाला टोपण लावलं.

परतीच्या बसमध्ये मला बसायला जागा मिळाली. अक्का खिडकीशी झोपली होती. मी तळहातातला काटा साडीच्या पिनेनं काढत बसले. तो निघाला नाही, दोन दिवसांनी घरी आल्यावर निघाला.

सोलापूरला आल्यावर मला काहीतरी करावंसं वाटत होतं. मारवेल आपल्याकडचंही गवत आहे. इथलं बी गोळा करून पाठवावं, होन्नम्मा पुढच्या पावसाळ्यात उघड्या जागांत फेकेल, असं ठरवलं. नोव्हेंबरभर सुट्टीच्या दिवशी मी ओळखीच्या गायरानांवर गेले. एकावर शेतं झालेली. एकावर खड्डे काढून झाडं लावलेली, त्यातली बरीचशी वाळलेली. एकावर मेंढरं बारा महिने, गवत नखाएवढं. तुरा येऊ द्यायला कुणी थांबलेलंच नव्हतं. शेवटी एका गावच्या स्मशानभूमीच्या भिंतीआत पिकलेलं गवत सापडलं, कारण तिथं कुणी जनावर नेत नाही. गुडघे दुखेपर्यंत बसून मी अर्धी पिशवी बी जमवलं, चाळलं, उन्हात वाळवलं.

मग फोन केला. होन्नम्माकडं फोन नाही, तिच्या शेजाऱ्यांच्या फोनवर अक्कानं तिला बोलावून घेतलं आणि तिघींचं बोलणं जोडून दिलं. कागद झाला होता. वरच्या साहेबानं सही केली होती. खालचं गोमाळ चराईचं म्हणूनच राहिलं. गवत मात्र त्याच आठवड्यात संपलं, आणि उन्हाळा निघणार नाही म्हणून तिनं कळपातली निम्मी मेंढरं विकली होती. हे तिनं भाव सांगावा तसं सांगितलं.

मी म्हणाले, बी जमवलंय, पाठवते.

"नको," ती म्हणाली.

"चांगलं पिकलेलं आहे. मी स्वतः चाळलंय."

"असेल. पण ते रुजायला गोमाळ बंद ठेवावं लागेल ना? आम्ही बसून ठरवलं. आता बंद करायचं नाही. रोज एक कळप आत असेल, पावसाळ्यात, थंडीत, उन्हाळ्यात. कुणी कधीही येऊन फोटो काढावा."

"सगळं खरवडून जाईल, होन्नम्मा."

"जाईल. पण आमचं असेल."

अक्का मध्ये काहीतरी बोलली, ते मला नीट ऐकू आलं नाही. मग फोन कट झाला. कापला की कापला गेला, माहीत नाही.

पिशवी कपाटात आहे. कोरड्या जागी ठेवली आहे, तोंड घट्ट बांधून. गवताचं बी फार वर्षं टिकत नाही, आणि ते टाकायला राखलेली जागा मला अजून सापडलेली नाही.